कोपर बरगडीला

"तू हात कुठे केलेस?" उकिडवे साहेबांनी विचारलं.

"केले की, साहेब."

"कुठे केलेस? मी इथे खुर्चीत बसून बघतोय. पाण्याने काठोकाठ भरलेलं पिंप उचललं गेलं, त्या खांबाला वळसा घालून आलं, चुन्याच्या गोलात अलगद टेकलं. थेंब सांडला नाही. सगळं दिसलं मला. तुझे हात तेवढे दिसले नाहीत."

आमच्या बॅचच्या पोरांनी नुकत्याच टाळ्या वाजवल्या होत्या आणि समोर हायड्राच्या केबिनमध्ये माझा चुलतभाऊ रेवण बत्तीशी दाखवत बसला होता. हायड्रा म्हणजे बांधकामावर दिसते ती, पुढे लांब सोंड असलेली चाकांवरची क्रेन. ती रेवण चालवत होता आणि खाली उभं राहून त्याला इशारे देण्याचं काम माझं होतं. वर बसलेल्या माणसाला ओझं नेमकं कुठे टेकतंय ते दिसत नसतं, त्याचे डोळे म्हणजे खालचा इशारेवाला. परीक्षा दोघांची होती, घेणारे उकिडवे साहेब, आणि आमच्या समजुतीप्रमाणे ती आम्ही मारली होती.

"रेवणला दिसले, साहेब," मी म्हणालो.

"आणि उद्या रेवण जेवायला गेला? त्याच्या जागी दुसरा कुणी बसला? मग?"

"रेवण जेवायला जाईल तवा मीबी जाईन की."

पोरं खो खो हसली. साहेब हसले नाहीत. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, हातातल्या कागदावर काहीतरी लिहिलं आणि आवाज न चढवता सांगितलं, "इशारेवाला नापास. ड्रायव्हरची परीक्षा दुपारी पुन्हा घेऊ. तेव्हा इशारे वस्ताद देतील."

दुपारी रेवण पास झाला. मी एकटा राहिलो.

या गोष्टीला आता चौदा वर्षं झाली. तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो आणि आपल्याइतकं शहाणं जगात कुणी नाही याची मला पक्की खात्री होती. सोलापूरहून तुळजापूरला जाताना एक बंद पडलेली सूतगिरणी लागायची. तिच्या आवारात 'उभारी' नावाची संस्था होती. ज्यांच्या बापजाद्यांना गावात ना घर ना शेत, अशा जमातींच्या पोरांना ती कामं शिकवायची आणि नोकरी लागेपर्यंत त्यांची पाठ सोडायची नाही. आमच्या बॅचला पारधी होते, कैकाडी होते, लमाण होते आणि गोंधळी म्हणजे मी आणि रेवण. संस्थेच्या सरोजताई स्वतः आमच्या वस्तीवर फॉर्म घेऊन आल्या होत्या. त्यात एक रकाना होता, 'अंगी असलेलं कौशल्य'. मी लिहिलं, 'काही नाही'. गोंधळ घालता येतो असं लिहायची मला लाज वाटली, हे आज कबूल करून टाकतो.

आणि लाज वाटावी असं त्यात काहीच नव्हतं. माझे वडील किसनआप्पा पाचंगे आमच्या भागातले नावाजलेले गोंधळी. घरात लग्न झालं की देवीचा गोंधळ घालायला लोक त्यांनाच बोलवायचे, आणि त्यांच्या गोंधळात सगळे वाट बघायचे ती करपल्लवीची. मंडपाच्या एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला आप्पा. घरातलं कुणीतरी माझ्या कानात एखादं नाव सांगायचं. म्हातारीचं माहेरचं नाव, मेलेल्या बैलाचं नाव, काहीही. मी तोंड उघडायचं नाही, फक्त बोटं हलवायची. नागाच्या फण्यासारखा पंजा केला की स्वर, कमळासारखा केला की क-ख-ग, आणि पुढे बोटांवर मोजून नेमकं अक्षर. तिकडून आप्पा ते नाव खणखणीत आवाजात सांगायचे आणि मंडपातल्या बायका पदराने डोळे पुसायच्या.

यातली खरी कला बोटांची नाही, लपवण्याची. बघणाऱ्यांना इशारा दिसला की सगळी गंमत गेली. मी सहा वर्षांचा असल्यापासून आप्पांनी मला तेच शिकवलं. कोपर अंगापासून जरा सुटलं की संबळाची काडी कोपरावर बसायची. "कोपर बरगडीला!" हे दोन शब्द मी जितक्या वेळा ऐकलेत तितक्या वेळा स्वतःचं नावसुद्धा ऐकलं नसेल.

तर पाण्याचं ते पिंप आम्ही असं उचललं होतं. हायड्राचे इशारे आम्हाला शिकवलेले होते, पाठही होते. पण रेवण आणि मी लहानपणापासून एकमेकांशी बोटांनी बोलत आलेलो. त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि माझे हात आपोआप पोटाशी आले. 'डावीकडं, वीतभर', 'आता सोड', 'आरं हळू, येड्या' असं सगळं मी त्याला अक्षरं जुळवून सांगितलं. 'येड्या'सुद्धा सांगितलं, कारण तो येडाच आहे.

संध्याकाळी वस्तादांनी मला गिरणीच्या मागे बोलावून घेतलं. मेहबूब मुजावर हे आमचे शिकवणारे. साखर कारखान्यांचे आणि पुलांचे अवजड सांगाडे चढवण्यात त्यांची हयात गेली होती. त्यांना सगळे वस्तादच म्हणायचे.

"पोटापाशी काय करत होतास रे तू? खरूज झाली काय?"

आमची विद्या घराबाहेर सांगायची नाही, असा आप्पांचा दंडक होता. मी अर्धं सांगितलं, अर्धं गिळलं. वस्तादांनी तेवढ्यावरून सगळं ओळखलं.

"म्हंजे तू आन् रेवण, दोघंच बोलत होता. आन् आम्ही सगळे मुके."

"पर पिंप तर बरोबर बसलं न्हवं, वस्ताद?"

"बसलं. एक नंबर बसलं. आपन तीस सालांत असं बसवलं नाही." ते खाली बसले आणि मलाही बसायची खूण केली. "पन खाली धा माणसं काम करत असतात, पोरा. ओझं कुठं चाललंय ते त्यांना तुझ्या हातावरून कळायला पायजे. तुझी बोली दोघांपुरती. कामावर ती काय करायची?"

मला राग आला होता. खरं तर रडू येत होतं, पण बावीस वर्षांच्या पोराने रागावर निभावून न्यायचं असतं. खरी गाठ पुढे आप्पांशी होती. निघताना आप्पांनी मला एकच गोष्ट बजावली होती. "तुळशीच्या लग्नापातूर जा. म्होरं मुहूर्त सुरू व्हत्यात. पास झालास तर बगू, न्हाईतर गुमान माघारी यायचं." तुळशीचं लग्न दोन दिवसांवर आलं होतं. नदीवर पूल बांधणारी एक कंपनी आमच्यातली आठ पोरं घेणार होती आणि त्या यादीत माझं नाव नव्हतं. महिन्याच्या महिन्याला हक्काचा पगार आणि ज्यावर माझं नाव लिहिलंय असं एक ओळखपत्र, एवढंच मला हवं होतं. आमच्या वस्तीत आजवर कुणाकडे ते नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सरोजताईंनी कंपनीला चार फोन केले. चौथ्या फोनला तिकडचा माणूस कंटाळला असावा. ताई येऊन म्हणाल्या, "शुक्रवारी पुन्हा परीक्षा. यादी त्याच संध्याकाळी बंद होणार. पण या वेळी ड्रायव्हर कंपनीचा असेल, रेवण नाही. चालेल ना?"

चालेल म्हणालो. न चालून सांगतो कुणाला!

रेवण दोन दिवस घरी जाऊन येणार होता. त्याला मी बजावलं, "आप्पांना सांग, शुक्रवारी दुसरी परीक्षा हाय. शनवारी काय ते कळवतो." त्याने मान डोलावली. रेवणवर भरवसा ठेवला ही त्या आठवड्यातली माझी दुसरी चूक.

वस्तादांनी मला दावणीला बांधलं. माळावर लांब उभं करायचे आणि स्वतः गिरणीच्या गच्चीवर चढून ओरडायचे, "दिसना!" मी हात वर करायचो. "अजून दिसना!" माझे हात जात होते, पण कोपर निघत नव्हतं. मनाने सोडलं तरी अंग सोडत नव्हतं. बुधवारी दुपारी ते वैतागून खाली आले आणि म्हणाले, "चल हायवेला."

"कशाला?"

"एसटी थांबवायची. थांबा नसलेल्या जागी. तोंडातून आवाज काढायचा नाही. फक्त हात."

पहिली एसटी माझ्या अंगावर धूळ उडवून गेली. दुसरीच्या ड्रायव्हरने माझ्याकडे बघून पान थुंकलं. तिसरी दिसली तेव्हा वस्ताद मागून म्हणाले, "तुला वाटतंय तू त्याच्याकडं काही मागतोयस. मागू नको. सांग त्याला."

मी हात लांब केला. इतका लांब, की काखेत कळ आली. एसटी करकचत थांबली. कंडक्टरने दार उघडलं.

"कुठं जायचंय?"

"कुठं न्हाई."

"मंग हात कशाला केलास रं भाड्या? गंमत वाटली व्हय?"

"पोरगं परीक्षेला बसलंय, मास्तर," वस्तादांनी नम्रपणे सांगितलं. "तुमची लई मदत झाली."

कंडक्टर आमच्या सात पिढ्यांचा उद्धार करत निघून गेला. वस्ताद पोट धरून हसले आणि आम्ही पुढच्या एसटीची वाट बघत उभे राहिलो. त्या दोन दिवसांत मी अकरा एसट्या थांबवल्या. त्यातल्या एकीच्या कंडक्टरला वस्तादांनी चहासुद्धा पाजला, कारण तो खरोखर मारायला धावला होता.

शुक्रवारी सकाळी कंपनीचा ड्रायव्हर आला. रामसूरत त्याचं नाव, बिहारचा. त्याला मराठीचं अक्षर समजत नव्हतं. माझी हिंदीही जेमतेमच. त्याने माझ्याकडे एकदा खालपासून वरपर्यंत बघितलं आणि म्हणाला, "हाथ साफ दिखाना भैया, बाकी हम देख लेंगे." मग तो केबिनमध्ये चढला.

या वेळी पिंप नव्हतं. वीस फुटी सळयांचा भारा होता. तो उचलायचा, हायड्राने तो पुढे धरून आवाराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हळूहळू यायचं, आणि लाकडी ओंडक्यांवर तो आडवा ठेवायचा. सळया लांब, त्या झुलतात. मी बाजूने पुढे राहून उलट्या पावलांनी चालत इशारे द्यायचे. उकिडवे साहेब चुन्याच्या रेषेबाहेर उभे होते, वस्ताद त्यांच्या शेजारी. बाकीची पोरं भिंतीला टेकून. फाटकावर उभं राहायला कुणी शिल्लकच नव्हतं.

मी तर्जनी आभाळाकडे करून हात गोल फिरवला. भारा उचलला गेला. हात पुढे केला, हायड्रा पुढे निघाली. रामसूरतची नजर माझ्या हातावर खिळलेली होती. मला मनातून बरं वाटत होतं. त्या माणसाचं गाव मला माहीत नव्हतं, त्याची भाषा मला येत नव्हती, आणि तरी मी जे म्हणत होतो ते तो करत होता.

निम्मं अंतर झालं असेल. फाटकातून आप्पा आत आले.

गोंधळाच्या पुऱ्या पोशाखात. पायघोळ झगा, डोक्यावर पगडी, गळ्यात कवड्यांच्या माळा, कमरेला संबळ. हंगाम सुरू व्हायच्या आधी तुळजापूरला देवीच्या पाया पडून थेट माझ्याकडे आले होते. रेवणने घरी जाऊन एवढंच सांगितलं होतं, "अंबादास नापास झाला." पुढचं शुक्रवारचं त्याच्या ध्यानातच राहिलं नाही. आप्पांनी हिशोब केला, तुळशीचं लग्न झालं, पोरगं नापास झालं, म्हणजे आता घेऊन यायचं.

त्यांनी मला लांबूनच हेरलं. हाक मारली नाही. आमच्यात हाक मारायची पद्धतच नव्हती. चालता चालता त्यांची बोटं हलली. आवारातल्या वीस माणसांपैकी कुणाला दिसली नसतील, मला दिसली. 'चल. आज काटी गावाला गोंधळ.'

आणि ते सरळ माझ्या दिशेने चालत राहिले, हायड्रा आणि माझ्यामधून. वर बघितलंच नाही त्यांनी. त्यांचे डोळे माझ्या हातांवर होते, जबाब काय येतो ते वाचायला.

माझे हात आत आले. मी ठरवून केलं नाही. आप्पांनी विचारलं की उत्तर द्यायचं, हे सोळा वर्षं अंगात मुरलेलं. कोपर बरगडीला लागलं, पंजा वळला, आणि मी 'नाही'मधला 'ना' काढायला सुरुवात केली. तिकडे रामसूरतला माझे हात नाहीसे झालेले दिसले. मी काहीतरी सांगतोय एवढं त्याला कळत होतं, काय ते कळत नव्हतं. हायड्रा पुढे येतच राहिली. सळयांचं टोक आप्पांच्या पगडीपासून चार-पाच पावलांवर होतं. ओरडलो असतो तर इंजिनाच्या घरघरीत कुणाला ऐकू गेलं नसतं.

मी 'ना' अर्ध्यात टाकला आणि दोन्ही हात फेकले. खांद्याच्या रेषेत, बोटांच्या टोकापर्यंत ताणून, दोन्ही बाजूंना. थांब.

हायड्राने जागच्या जागी गचका खाल्ला. भारा पुढे झेपावला, आप्पांनी पुढचं पाऊल जिथे टाकलं असतं त्या जागेवरून फिरला आणि माघारी आला. आप्पा थांबले होते. माझ्याकडे बघत, एक पाय पुढे, एक मागे.

भारा झुलायचा थांबेपर्यंत हात खाली घ्यायचे नाहीत. मी तसाच उभा राहिलो, बापासमोर दोन्ही हात पसरून. आप्पांच्या पुढ्यात मी आयुष्यात कधी आवाज चढवला नव्हता. भारा एकदा गेला, परत आला, पुन्हा गेला, मंदावला. आवारात कुणीही हलत नव्हतं. मग मी आप्पांना डाव्या हाताने रेषेबाहेर जायची खूण केली, मोठी, रामसूरतलाही दिसेल अशी. ते गेले. वस्तादांनी त्यांना दंडाला धरून भिंतीपाशी नेलं. मी हायड्रा पुढे घेतली, भारा ओंडक्यांवर उतरवला, तो आडवा बसला. तेव्हा कुठे मी हात खाली घेतले.

उकिडवे साहेब जवळ आले. आधी ते वस्तादांना म्हणाले, "फाटकावर माणूस ठेवला नाही, ही चूक माझी आणि तुमची." मग माझ्याकडे वळले.

"कोण ते?"

"माझे वडील."

"मध्येच हात आत का घेतलेस?"

"त्यांनी काहीतरी विचारलं होतं, साहेब. मी जबाब द्यायला गेलो."

"विचारलं? मला तर काही ऐकू आलं नाही."

"ऐकू येत न्हाई ते."

साहेबांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा घातला. "दिलास जबाब?"

"न्हाई. अर्ध्यात सोडला."

"हं." त्यांनी कागदावर बराच वेळ लिहिलं. एवढं लिहायला नापास म्हणजे काही निबंध नाही. शेवटी ते म्हणाले, "अर्ध्यात सोडलास म्हणून पास करतोय. पण हात आत घेतलेस तेही लिहिलंय. पुलावर पहिले दोन महिने मुकादमाच्या नजरेखाली काम करायचं. कबूल?"

मी नुसती मान हलवली. भिंतीपाशी पोरांनी आरडाओरडा केला आणि वस्ताद दुसरीकडे तोंड करून डोळे पुसायला लागले. डोळ्यांत धूळ गेली म्हणे. केबिनमधून रामसूरत ओरडला, "बढ़िया रोका, भैया!"

आप्पा भिंतीपाशी एका ओंडक्यावर बसले होते. पगडी काढून मांडीवर ठेवली होती. मी शेजारी जाऊन बसलो. आता भडका उडणार, अशी माझी खात्री होती.

"पास झालास म्हणं."

"व्हय."

"रेवण्या तर म्हणला, नापास झालास."

"त्याला अर्धंच सांगायची सवय हाय."

आप्पांनी मांडीवरची पगडी फिरवली. "आज काटीच्या पाटलाकडं गोंधळ हाय. त्यास्नी म्या करपल्लवीचं कबूल केलंय. दुसऱ्या टोकाला कोण हुबा ऱ्हाईल?"

रेवण गेला, मी गेलो, की आप्पांकडे दुसरं कुणी नव्हतं. मला हे आधीही माहीत होतं, पण त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकत होतो. मी म्हणालो, "आजच्या दिवस मी येतो, आप्पा. पुलावर सोमवारी जायचंय."

त्यांनी ते ऐकलं न ऐकलं. त्यांचं लक्ष लांब होतं, जिथे उकिडवे साहेब खुर्चीत बसून कागद नीट लावत होते तिकडे.

"म्या तुला इचारलं आन् तू जबाब दिला न्हाईस. पयल्यांदाच."

"आप्पा, वर सळया व्हत्या."

"ठावं हाय. मागनं बगितल्या." त्यांनी माझा हात धरला, मनगटापासून खांद्यापर्यंत नजर फिरवली, बाजारात बैल बघतात तशी. "तुजं हात येवढं लांब हायेत, हे मला ठावं नव्हतं."

आम्ही दोघेही हसलो. मग ते हळूच म्हणाले, "त्यो चष्म्याचा सायब पळत येत व्हता माज्याकडं. तू हात केलास, तसा त्योबी थांबला."

"तसा नियमच हाय."

"कसला?"

"दोन्ही हात केले की सगळ्यांनी जागच्या जागी थांबायचं. हात खाली येईस्तवर कुणी हलायचं न्हाई."

"सगळ्यांनी?"

"सगळ्यांनी."

"सायबानंबी?"

"साहेबानं, मुकादमानं, ड्रायव्हरनं. कोण का असंना."

आप्पांनी मान खाली घातली. माझ्या बापाला उभ्या आयुष्यात लोकांनी एकच गोष्ट सांगितली होती. थांबा जरा, पंगत उठू द्या. थांबा, पाहुणे जेवताहेत. तिकडे थांबा, हाक मारली की या. अंगणात, ओट्याखाली, मांडवाबाहेर ते थांबत आले होते, आणि त्यांच्या मागे संबळ सांभाळत मी. त्यांनी आजवर कुणाला 'थांब' म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. म्हणणार तरी कुणाला!

बऱ्याच वेळाने त्यांनी पगडी डोक्यावर ठेवली आणि उठले.

"मंग ऱ्हा हितंच."

"आणि काटीला?"

"काटीचं म्या बगतो. तू आदी त्यो कामाचा कागद हातात घे." दोन पावलं जाऊन ते वळले. वस्तादांना त्यांनी लांबून हात जोडले, मग उकिडवे साहेबांनाही. साहेब खुर्चीतून उठून उभे राहिले. आप्पांनी ते बघितलं, आणि फाटकाबाहेर पडेपर्यंत त्यांची मान ताठ होती.

त्या दिवशी काटीला काय झालं ते त्यांच्यासोबत गेलेल्या आईने मला पुढे सांगितलं. गोंधळ रंगात आला तेव्हा पाटलांनी करपल्लवीची फर्माईश केली. आप्पांनी संबळ थांबवला आणि भरल्या मांडवात सांगितलं, "पाटील, करपल्लवीला दोन माणसं लागत्यात. आमचं एक नोकरीला लागलंय." लोक हिरमुसतील असं आईला वाटलं होतं. पण गोंधळ उरकला तशी मांडवातली माणसं आप्पांच्या भोवती गोळा झाली. कुठे लागलाय, काम काय असतं, शिकवतात कोण. शेवटी पाटलांनी आप्पांना स्वतःच्या शेजारी सतरंजीवर बसवून घेतलं आणि आवाज खाली करून विचारलं, आमचा धाकटा घरीच बसून असतो, त्याचं काही जमेल का तिथे.

"बगतो की," आप्पा म्हणाले म्हणे, "पर आदी फारम भरावा लागतो."